मँचेस्टरचं चर्च, परग्रहावरची फौज आणि बसस्टँडमागचं दुकान

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर रात्री निवांत वाचा.

गेले आठ दिवस बसस्टँडमागच्या गेमच्या दुकानावरून गावात काय चाललंय ते तुम्हाला माहीत आहे. दुकान बंद करा म्हणून नगरपरिषदेत निवेदन गेलं, सह्या झाल्या, फोटो निघाला. बातमी मीच केली. पण निवेदनातला एक मुद्दा डोक्यातून जाईना. पोरं तिथे देवळात गोळीबार करायचे खेळ खेळतात, असं त्यात लिहिलं होतं. चौकशी केली तर सही करणाऱ्यांपैकी एकानेच काचेतून डोकावून पाहिलं होतं. पडद्यावर मोठी दगडी इमारत, उंच खांब, कमानी, रंगीत काचा आणि धडाधड गोळ्या. बाकीच्यांनी ऐकून सही केली.

संध्याकाळी मी स्वतः दुकानात गेलो. माझा भाचा तिथलाच गिऱ्हाईक, त्यामुळे लपूनछपून जायची गरज नव्हती. दोन खुर्च्या, जुना टीव्ही, सेकंडहँड प्लेस्टेशन ३. भाच्याने तोच खेळ लावला आणि ती इमारत पडद्यावर आली तेव्हा मी हसलोच. ते देऊळ नव्हतं, चर्च होतं. मँचेस्टरचं कॅथेड्रल. या चर्चने २००७ साली माझी अशी फजिती केली होती की ते मी जन्मात विसरणार नाही.

तेव्हा पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी एका दैनिकाच्या रात्रपाळीच्या डेस्कवर लागलो होतो. एजन्सीची इंग्रजी बातमी आली, मराठी करायची, चार ओळींत बसवायची, डाक आवृत्ती सुटायला दहा मिनिटं. बातमीत चर्च होतं, बंदुका होत्या, संतापलेले बिशप होते. मी हेडिंग दिलं: मँचेस्टरच्या चर्चमध्ये गोळीबार, बिशप संतप्त. छापून गेलं. दुसऱ्या दिवशी आमचे वरिष्ठ उपसंपादक अंक समोर टाकून म्हणाले, "मेले किती ते लिहिलं नाहीस." मेलं कुणीच नव्हतं. तो एका व्हिडिओ गेमवरचा वाद होता. खुलासा काही छापला गेला नाही. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या काही जुन्या वाचकांच्या हिशेबी मँचेस्टरच्या चर्चमध्ये तेव्हा खरोखरच गोळीबार झालेला आहे. त्यांची आज माफी मागतो.

आता त्या खेळाकडे येतो. नाव 'रेझिस्टन्स: फॉल ऑफ मॅन'. कॅलिफोर्नियातल्या इन्सोम्नियाक गेम्स या कंपनीने बनवला, सोनीने बाजारात आणला. २००६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत प्लेस्टेशन ३ आलं तेव्हा त्याच्यासोबत हा खेळ आला. युरोपात दोन्ही २००७ च्या मार्चमध्ये पोचले. याच कंपनीचे आधीचे बहुतेक खेळ लहान मुलांना आवडतील असे कार्टूनवजा होते, हा मात्र एकदम काळाकुट्ट. प्रकार फर्स्ट पर्सन शूटर, म्हणजे पडद्यावर आपल्याला आपले हात आणि बंदूक एवढंच दिसतं, बाकी सगळं आपण आपल्याच डोळ्यांनी बघतोय असं वाटतं.

त्यातली गोष्ट भन्नाट आहे. साल १९५१. पण हे आपल्या इतिहासातलं १९५१ नाही. या जगात हिटलर सत्तेवर आलाच नाही, दुसरं महायुद्ध आपल्याला माहीत आहे तसं झालंच नाही. रशियाने जगाशी संबंध तोडून स्वतःला कोंडून घेतलेलं, आत काय चाललंय कुणाला ठाऊक नाही. मग तिथून कायमेरा नावाची फौज बाहेर पडते आणि बघता बघता युरोप गिळते. १९०८ साली सैबेरियात तुंगुस्का नदीजवळ आकाशातून काहीतरी येऊन फुटलं आणि सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरचं जंगल आडवं झालं, ही घटना खरी आहे. गेमवाल्यांनी आपल्या संकटाचं मूळ नेमकं तिथे जोडलं. कायमेरा समुद्राखालून बोगदा खणून इंग्लंडमध्ये शिरते आणि काही महिन्यांत ब्रिटन संपतं. अमेरिकेची तुकडी मदतीला यॉर्कमध्ये उतरते, पहिल्याच दिवशी जवळजवळ सगळी गारद होते, आणि उरतो सार्जंट नेथन हेल. म्हणजे आपण. तिथून ग्रिम्सबी, मँचेस्टर, नॉटिंगहॅम असं करत शेवटी लंडन.

या शत्रूची एक गोष्ट मला रात्री झोपताना आठवत राहिली. तो माणसांना नुसतं मारत नाही. पकडलेल्या माणसांना विषाणूची लागण करून त्यांचेच आपले सैनिक बनवतो. त्यासाठी कारखान्यासारखी केंद्रं आहेत. म्हणजे आपल्यावर चालून येणाऱ्या फौजेतला प्रत्येक जण काल-परवापर्यंत कुणाचा तरी शेजारी होता.

भाचा म्हणाला, "मामा, हे चर्च खरंच हाये काय?" मी म्हटलं, हो, खरं आहे. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "अन् हे एलियन?"

त्याला तेव्हा उत्तर दिलं नाही. इथे देतो.

परग्रहावरून फौज येते आणि आपला मुलूख घेते, ही गोष्ट कधी आणि कुठे सुरू झाली हे शोधायला गेलं की आपण इंग्लंडमध्ये जाऊन पोचतो. अगदी मुळाशी तर परग्रहवाले नाहीतच. १८७१ च्या मे महिन्यात ब्लॅकवुड्स मॅगझिनमध्ये 'द बॅटल ऑफ डॉर्किंग' नावाची गोष्ट आली, लेखकाचं नाव न छापता. एक आजोबा नातवंडांना सांगतायत की पन्नास वर्षांपूर्वी जर्मन बोलणारी फौज आपल्या देशात कशी उतरली, डॉर्किंग गावाजवळ आपण कसे हरलो, वसाहती कशा गेल्या, राज्य कसं बुडालं. नुकतंच प्रशियाने फ्रान्सला लोळवलेलं, त्यामुळे लोक खरंच घाबरले. पंतप्रधान ग्लॅडस्टनना जाहीर भाषणात या घबराटीविरुद्ध बोलावं लागलं. या गोष्टीवरून ब्रिटनमध्ये एक अख्खा साहित्यप्रकार उभा राहिला: कुणीतरी येतंय, आपल्याला बुडवतंय.

आता लेखक कोण? जॉर्ज चेस्नी. बंगाल इंजिनिअर्सचा अधिकारी. १८५७ साली दिल्लीचा वेढा पडला तेव्हा तो इंग्रज फौजेत होता आणि तिथे जबर जखमी झाला होता. पुढे तो व्हाइसरॉयच्या कौन्सिलवर लष्करी सदस्यही झाला. दिल्ली पडली तेव्हा शहरात काय झालं ते आपण शाळेत अर्ध्या पानात शिकलो. घरं लुटली, माणसं फासावर दिली, शहर रिकामं केलं. त्या फौजेतला माणूस चौदा वर्षांनी घरी बसून लिहितो, की उद्या हे आपल्याशी झालं तर?

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून जरा वेळ बसून राहिलो. लुटणाऱ्यालाच लुटलं जाण्याची धास्ती जास्त असते, कारण लूट कशी करतात हे त्याने जवळून पाहिलेलं असतं.

चेस्नीच्या गोष्टीनंतर पंचवीसेक वर्षांनी एच. जी. वेल्सने त्या जर्मनांच्या जागी मंगळावरचे प्राणी आणले. 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' १८९७ मध्ये मासिकातून क्रमशः आली, १८९८ मध्ये पुस्तक झालं. वेल्स तेव्हा लंडनजवळच्या वोकिंगमध्ये राहत होता. सायकलवरून फिरून तो आसपासची ठिकाणं हेरून ठेवायचा, की मंगळवाल्यांकडून हे उडवायचं, ते जाळायचं. शेजारीपाजारीसुद्धा सोडले नाहीत. (प्रत्येक गावात असा एक लेखक असतो. आपल्याकडेही आहेत.)

पण वेल्सने पुस्तकाच्या सुरुवातीलाच एक सरळ गोष्ट सांगून टाकली. मंगळवाल्यांना क्रूर म्हणण्याआधी आपण टास्मानियात काय केलं ते आठवा, असा त्याचा सूर आहे. टास्मानिया म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचं बेट. इंग्रज तिथे १८०३ साली वसायला गेले. १८३० मध्ये सुमारे २,२०० माणसांची साखळी करून, आपण रानात हाका घालतो तसा हाका घालून, तिथल्या मूळ माणसांना एका कोपऱ्यात लोटायचा प्रयत्न झाला. माणसं सापडली अगदी थोडी, पण तोवर गोळ्या आणि रोगराई यांनी बाकीचं काम केलेलंच होतं. त्रुगानिनी नावाची बाई १८७६ मध्ये वारली, तेव्हा तिला 'शेवटची टास्मानियन' म्हणून जाहीर केलं गेलं आणि नंतर तिचा सांगाडा होबार्टच्या म्युझियममध्ये मांडला. १९४७ पर्यंत तो लोकांना दाखवत होते. तिच्या अस्थी १९७६ साली, म्हणजे शंभर वर्षांनी, समुद्रात सोडल्या. आणि 'शेवटची' हेही खोटंच होतं. टास्मानियाच्या मूळ लोकांचे वंशज आजही तिथे आहेत, आपले हक्क मागतायत. वेल्ससुद्धा ते संपलेच असं समजून चालला होता.

वेल्सच्या गोष्टीत मंगळवाले शेवटी मरतात ते पृथ्वीवरच्या जंतूंनी. खऱ्या इतिहासात उलटं घडलं. आलेल्यांनी रोग आणले आणि मेले ते तिथले. 'रेझिस्टन्स'मध्ये रोग पुन्हा चढाई करणाऱ्याच्या बाजूला गेलाय आणि त्याच्या हातातलं हत्यार झालाय. गेम बनवणाऱ्यांनी एवढा विचार केला असेल असं मी म्हणत नाही. पण जुन्या गोष्टीत शतकभर फिरवाफिरव झाली की कधीकधी ती खऱ्याच्या जवळ येऊन टेकते.

मधला प्रवास भराभर सांगतो. १९३८ च्या ३० ऑक्टोबरला ऑर्सन वेल्सने (हा वेगळा वेल्स) ही गोष्ट अमेरिकन रेडिओवर बातमीपत्रासारखी सादर केली. देशभर लोक रस्त्यावर धावत सुटले असं आपण ऐकत आलोय. घबराट थोडीफार झाली, पण ती फुगवली वर्तमानपत्रांनी. रेडिओ तेव्हा आमच्या धंद्याच्या जाहिराती पळवत होता, त्यामुळे रेडिओ किती धोकादायक आहे हे छापायला सगळे टपलेलेच होते. माझ्या चार ओळींची परंपरा जुनी आहे म्हणायची.

मग १९७८. जपानच्या टायटो कंपनीत तोमोहिरो निशिकादो नावाच्या इंजिनिअरने 'स्पेस इनव्हेडर्स' बनवला. माणसांवर गोळ्या झाडायचा खेळ करायला कंपनीची ना होती. मग त्याने परग्रहवाले घेतले, आणि त्यातले अष्टपाद ऑक्टोपससारखे केले ते वेल्सचे मंगळवाले आठवून. परग्रहवाला आला की खेळ बनवणाऱ्याची एक अडचण सुटते. समोरच्याला आई नसते, गाव नसतं, त्याच्या बाजूने कुणी निवेदन देत नाही. तिथून 'हाफ-लाइफ', 'हेलो' असं करत ही रांग 'रेझिस्टन्स'पर्यंत येते. फक्त यात एक गफलत झाली. परग्रहवाल्यांच्या वतीने कुणी तक्रार केली नाही, पण इमारतीच्या वतीने झाली.

जून २००७. चर्च ऑफ इंग्लंडच्या लक्षात आलं की खेळातलं मँचेस्टर कॅथेड्रल हुबेहूब आहे. दगड, खांब, कमानी, सगळं. आत सैनिक आणि राक्षस एकमेकांना भाजून काढतायत. मँचेस्टरचे बिशप नायजेल मॅक्युलॉक आणि कॅथेड्रलचे डीन रॉजर्स गोव्हेंडर, दोघेही भडकले. परवानगी कुणी दिली? माफी मागा, खेळ मागे घ्या नाहीतर तो भाग काढा, आणि भरीव देणगी द्या, अशा मागण्या. नुसत्या धर्मभावनेचा मुद्दा नव्हता तो. मँचेस्टरमध्ये त्या काळात पोरांच्या टोळ्या खऱ्या बंदुका घेऊन एकमेकांना मारत होत्या आणि हेच चर्च त्यांच्यात काम करत होतं. ज्या जागेत बंदुका सोडा म्हणून सांगायचं, तीच जागा बंदूक चालवायचं मैदान म्हणून जगभर विकली जाते, असं त्यांचं दुखणं होतं. डीन गोव्हेंडर स्वतः दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले, वर्णभेदाच्या राजवटीत वाढलेले. हिंसा म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

सोनीचं म्हणणं, ही कल्पनारम्य गोष्ट आहे आणि आम्ही आवश्यक त्या परवानग्या घेतल्या आहेत असं आम्हाला वाटतं. कायद्याच्या बाजूने पाहिलं तर चर्चची बाजू लंगडी होती. ब्रिटनच्या १९८८ च्या कॉपीराइट कायद्यात इमारतीचं चित्र काढणं, फोटो घेणं, चित्रीकरण करणं याला मोकळीक आहे, आणि इमारत तर जवळपास सहाशे वर्षांची. कोर्टात जाऊ असं चर्च म्हणालं, पण गेलं नाही.

१३ जूनला प्रश्न थेट ब्रिटिश संसदेत आला. मँचेस्टरचे मजूर पक्षाचे खासदार टोनी लॉइड यांनी पंतप्रधानांना विचारलं. टोनी ब्लेअर म्हणाले, कंपन्यांची जबाबदारी नुसत्या नफ्यापुरती नसते. ब्लेअर यांचा पंतप्रधानपदाचा तो शेवटचा महिना होता. बरोबरच बोलले. पण हेच ब्लेअर, ज्यांनी २००३ मध्ये इराकमध्ये फौज पाठवली. त्या एप्रिलमध्ये बगदाद पडलं आणि तिथलं राष्ट्रीय म्युझियम लुटलं गेलं. पाच हजार वर्षं जुन्या वस्तू भिंती फोडून नेल्या. ती खरी इमारत होती. संसदेत त्या दिवशी हा विषय निघायचं कारण नव्हतं आणि निघालाही नाही. मला मात्र निघाल्याशिवाय राहवत नाही, कारण चेस्नी आठवतो.

दोन दिवसांनी सोनीच्या युरोपातल्या प्रमुखाने माफीचं पत्र पाठवलं. जुलैत मँचेस्टर इव्हिनिंग न्यूजमध्ये जाहीर माफीही छापली. खेळ मागे घेतला गेला नाही, तो भाग काढलाही नाही. कॅथेड्रलने मग गेमवाल्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली: पूजेच्या जागा दाखवताना भान ठेवा, आधी विचारा. त्याच वर्षी बाफ्ताच्या पुरस्कारांसाठी या खेळाला नामांकन मिळालं आणि चर्च परत नाराज झालं.

आता बघा, वोकिंगमध्ये काय झालं. वेल्सने जे गाव कागदावर जाळलं त्याच गावाने १९९८ साली, पुस्तकाला शंभर वर्षं झाली म्हणून, भर बाजारात मंगळवाल्यांच्या तीन पायांच्या यंत्राचा उंच धातूचा पुतळा उभा केला. ज्या गावात रेडिओवरचे मंगळवाले उतरले त्या अमेरिकेतल्या ग्रोव्हर्स मिलमध्येही स्मारक आहे. लोकांना मध्ये नव्वद-शंभर वर्षं मिळाली की रागाचं कौतुक होतं. मँचेस्टरला तीन महिने मिळाले होते.

शिवाय मँचेस्टरच्या रागामागे आणखी एक कारण असावं असं मला वाटतं, आणि ते मी या आठवड्यात त्या इमारतीचा इतिहास वाचताना सापडलं. त्या चर्चवर खरोखर बॉम्ब पडलेत. १९४० च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर दोन रात्री जर्मन विमानांनी मँचेस्टर भाजून काढलं. शहरात साडेसहाशेहून जास्त माणसं गेली आणि चर्चचा एक कोपरा उडाला. दुरुस्तीला वीसेक वर्षं लागली. पुन्हा १९९६ च्या १५ जूनला आयरिश रिपब्लिकन आर्मीने जवळच ट्रकमध्ये सुमारे दीड टन स्फोटकांचा बॉम्ब उडवला. इशारा मिळाल्यामुळे कुणी मेलं नाही, दोनशेहून अधिक जखमी झाले, चर्चच्या काचा गेल्या. म्हणजे २००७ मध्ये गेममधली ती फुटणारी भिंत बघणाऱ्या म्हाताऱ्याने खरी फुटलेली भिंत पाहिलेली असू शकते. हे गेम बनवणाऱ्या पोरांना कॅलिफोर्नियात बसून कसं कळणार?

पण त्याच चर्चचा दुसराही इतिहास आहे. १८१९ च्या १६ ऑगस्टला मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर साठ हजार माणसं मतदानाचा हक्क मागायला जमली होती. गिरणी कामगार, विणकर, बायका, पोरं, निशस्त्र. त्यांच्यावर घोडेस्वार घातले, तलवारी चालल्या. अठरा जण मेले, शेकडो जखमी. त्या दिवशी जमावाविरुद्ध दंगलीचा कायदा वाचला म्हणून ज्याचं नाव येतं तो मॅजिस्ट्रेट, चार्ल्स एथेलस्टन, पाद्री होता आणि याच चर्चच्या मंडळातला होता. तेव्हा ते कॅथेड्रल झालं नव्हतं, ते १८४७ मध्ये झालं. या पीटरलू हत्याकांडानंतर दोन वर्षांनी, १८२१ मध्ये, मँचेस्टर गार्डियन हे वर्तमानपत्र निघालं. आजचं गार्डियन ते हेच. माझ्या धंद्यातल्या माणसाने हे विसरू नये. दगडी भिंतींच्या बाहेर काय होतंय यावर आतल्यांनी नेहमी संतप्त पत्रकच काढलंय असं नाही, कधीकधी हुकूमही वाचलाय.

आणि ज्या विणकरांवर घोडे घातले त्यांच्या गिरण्या कशावर चालायच्या? कापसावर. हा कापूस बराचसा अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, कापूस थांबला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या. तरी मँचेस्टरच्या उपाशी कामगारांनी गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंबा दिला. लिंकनने १८६३ च्या जानेवारीत त्यांना आभाराचं पत्र लिहिलं. कामगार मोठ्या मनाचे होते. मालकांनी तोवर दुसरा कापूस शोधला होता. आपला.

वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांनी निजामाकडून ताब्यात घेतलेलंच होतं. आता रेल्वे आली. आपल्या शेजारच्या खामगावला खास फाटा काढून १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः उद्घाटनाला आला, ते काही जगदंबेच्या दर्शनाला नाही. कापूस मुंबईमार्गे विलायतेला जायचा आणि तिथलं कापड परत इथे विकायला यायचं. ज्वारीच्या जमिनीत कापूस शिरला. १८९९-१९०० च्या दुष्काळात, छपन्नच्या काळात, वऱ्हाडात माणसं अन्नावाचून मेली, तेव्हाही हा फाटा चालूच होता.

माझी आजी छपन्नचा काळ तिच्या आजीकडून ऐकलेला सांगायची. तिच्या सांगण्यात इंग्रज फारसा यायचाच नाही. सावकार यायचा, पटवारी यायचा, बंदोबस्ताचा शिपाई यायचा. सगळे इथलेच. गेममधल्या त्या फौजेचं मी मघाशी सांगितलं ना, की समोरचा काल-परवापर्यंत शेजारी होता, ते मला झोपताना का आठवत राहिलं ते आता तुमच्या लक्षात येईल. कंपनीच्या फौजेतही गोरे थोडे आणि इथले जास्त. चेस्नीबरोबर दिल्लीवर चालून गेलेल्यांतही आपल्याकडचेच किती होते ते मोजा.

म्हणून भाच्याला परवा सांगितलं, एलियन असे आकाशातून येत नाहीत रे. रेल्वेने आले होते, खामगावपर्यंत. त्याने ऐकलं, मान हलवली आणि म्हणाला, "मामा, तुझ्यावर मागून येऊन राह्यला." तेवढ्यात मी मेलो. दोघांनी एकाच पडद्यावर अर्धा-अर्धा भाग घेऊन खेळायची त्यात सोय आहे. तीन वेळा मेलो आणि तिन्ही वेळा चर्चमध्येच. ऑनलाइन खेळायची सोय कंपनीने २०१४ मध्येच बंद केली, त्यामुळे हा खेळ आता असाच, दोन माणसं शेजारी बसून, उरलाय.

दुकानाबद्दल माझं म्हणणं विचाराल तर ते हे. शाळेच्या वेळात दुकान उघडं ठेवू नये. रात्री नऊनंतर बंद करावं. बारक्या पोरांना मोठ्यांचे खेळ लावून देऊ नयेत, डब्यावर वय लिहिलेलं असतं. वायरिंग धोकादायक आहे, ते आधी बघा, कारण तिथे खरंच कुणी मरू शकतं. हे सगळं दुकानदाराला मी तोंडावर सांगितलंय आणि त्याने वेळेचं ऐकलं, वायरिंगचं अजून ऐकलेलं नाही. पण देवळात गोळीबार ही ओळ निवेदनातून काढा. मी एकदा ती छापून बसलोय.

नगरपरिषदेत बुधवारी अकरा वाजता बैठक आहे. सह्या करणाऱ्यांनी मंगळवारी संध्याकाळी एकदा दुकानात यावं. भाचा आहे तिथे, तो चालवून दाखवेल.